कागद कुठाय?

(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आजच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘अफवा आणि समाज’. गुळगुळीत विषय आहे. अशा विषयावर शहाणी माणसं काय बोलतात ते मला तोंडपाठ आहे. अडाणी माणूस अफवेवर विश्वास ठेवतो, शिकलेला ठेवत नाही. झोपडपट्टीत अफवा पिकते आणि सोसायटीत विज्ञान. झालं व्याख्यान, चहा घ्या.

हे मला मान्य नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. त्या रांगांत चमचा-वाटी घेऊन शिकली-सवरलेली, सुटाबुटातली माणसंही होती. दूध चमच्याच्या काठावरून दगडाला धरून ओघळतं, हे शाळेतल्या पुस्तकातलं विज्ञान. पुस्तक वाचलेलेच रांगेत उभे. म्हणजे शिक्षणानं अफवा मरत नाही. तिला इंग्रजी बोलता येतं, एवढंच.

म्हणून प्रश्न नीट मांडू. ‘यामागं कट आहे’ असं माणूस का मानतो? ते मानणं कधी बरोबर असतं, आणि कधी जीव घेतं? आपल्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. आपल्याविरुद्ध अफवा उठल्या. आपल्यासारख्यांवर खरेखुरे कट झाले. आणि आपणही अफवा डोक्यावर घेऊन नाचलो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तिन्ही बोलणार आहे. तिसरी ऐकताना काहींना राग येईल. येऊ द्या.

पहिली गोष्ट महाडची. २० मार्च १९२७. बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, मागं हजारो माणसं प्याली. दोनेक तास गेले असतील, गावात आवई उठली. आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार! परिषदेनं असं काही ठरवलं नव्हतं. पण काठ्या बाहेर पडल्या. मंडपात जेवणारी, परतीच्या वाटेला लागलेली आमची माणसं झोडपली गेली.

काठ्या घेणाऱ्यांना ती आवई तपासून बघाविशी का वाटली नाही? कारण ती त्यांच्या पोटातल्या भीतीला बरोबर जुळली. ‘आज पाणी पितात, उद्या गाभाऱ्यात येतील.’ ही भीती आधीपासून तिथं होती, आवईनं फक्त तिला वाट दिली. माणूस बातमी तोलत नाही. ती आपल्या मनात बसते का तेवढं बघतो. बसली की आतून कडी लावून घेतो. मन सवर्णाचं असो नाहीतर आपलं, यंत्र एकच आहे. हे पहिलं कारण वहीत लिहून ठेवा.

आणि बाबासाहेबांनी काय केलं तेही लिहा. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली असती तरी महाड पेटलं असतं. त्यांनी लोकांना आवरलं. पुढं सवर्ण कोर्टात गेले. म्हणाले, तळं खाजगी आहे, अस्पृश्यांनी तिथं पाणी न भरण्याची वहिवाट पुरातन आहे. ही पण एक दंतकथाच, फक्त वकिलानं मांडलेली. बाबासाहेब तिच्याशी दहा वर्षं कागदानं लढले आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात जिंकले. दंतकथेला दंतकथेनं उत्तर दिलं नाही, हे विसरू नका.

आता दुसरी गोष्ट. कट खरे असतात का? असतात. ‘कट-बिट काही नसतं, सगळं तुमच्या डोक्यात’ असं म्हणणारा एकतर भोळा असतो, नाहीतर कटात असतो.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत एक बातमी फुटली. अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं गाव आहे. त्या भागातल्या सुमारे ६०० काळ्या माणसांवर सरकारचं आरोग्य खातं १९३२ पासून एक प्रयोग करत होतं. त्यातल्या ३९९ जणांना गरमीचा रोग होता. त्यांना तो सांगितला नाही. ‘तुमचं रक्त खराब आहे’ एवढंच सांगितलं. पुढं पेनिसिलीन आलं, रोग बरा व्हायला लागला, तरी त्यांना दिलं नाही. का? तर उपचाराविना माणूस कसा मरतो ते बघायचं होतं. ४० वर्षं! बायकांना रोग झाला, पोरं रोग घेऊन जन्मली. मे १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानं माफी मागितली.

खुद्द ब्लॅक पँथरचं काय झालं? ४ डिसेंबर १९६९ ला शिकागोत फ्रेड हॅम्प्टन या २१ वर्षांच्या पोराला पोलिसांनी बिछान्यातच मारलं. घराचा नकाशा पोलिसांना आतल्या खबऱ्याकडून मिळाला होता. पोलीस म्हणाले, चकमक झाली. मागाहून गोळ्या मोजल्या. पोलिसांच्या ऐंशीहून जास्त, पँथरची फार तर एक. माणसं म्हणत होती, आमच्यात फूट पाडायला सरकारी खातं खोटी पत्रं लिहितंय, खबरे पेरतंय. शहाणे हसत होते. मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मिडिया गावी काही युद्धविरोधी माणसांनी एफबीआयचं कार्यालय फोडलं, फायली पळवल्या. त्यातून गुप्त मोहिमेचं नाव बाहेर आलं. संशय खरा निघाला.

टस्कीगी उघड झालं ते खात्यातल्याच एका माणसानं पत्रकाराच्या हातात कागद दिले म्हणून. एफबीआय उघडी पडली ती फायलींमुळं. हॅम्प्टनच्या ‘चकमकी’ची गोष्ट खोटी ठरली ती भिंतीतल्या गोळ्यांमुळं. नुसतं ‘मला वाटतंय’ म्हणून एकही कट उघडा पडलेला नाही. संशयानं दार ठोठावलं, ते उघडलं पुराव्यानं.

आपल्याकडं तरी काय वेगळं? घाटकोपर, रमाबाई आंबेडकर नगर, ११ जुलै १९९७. पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला. माणसं रस्त्यावर आली. पोलिसांच्या गोळ्यांनी १० माणसं मेली. आणि मग गोष्ट आली. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता म्हणे, सगळी वस्ती उडाली असती म्हणे, आम्ही गोळ्या घालून वाचवली! बघा मजा. एरवी अफवा पसरवू नका म्हणून भोंगा लावतात ते, आणि ही गोष्ट आली कुठून? त्यांच्याकडूनच. वस्तीनं ती मानली नाही. चौकशी आयोगासमोर माणसांनी साक्षी दिल्या. टँकर कुठं होते आणि माणसं कुठं मेली, याचा हिशेब मांडला. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं गोळीबार समर्थनीय मानला नाही. २००९ मध्ये सत्र न्यायालयानं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. तो पुढं जामिनावर बाहेर आला, हेही सांगायला पाहिजे. न्याय अर्धामुर्धा झाला. पण टँकरची गोष्ट टिकली नाही.

म्हणून पहिला निष्कर्ष. आपला संशय म्हणजे आडाणीपणा नाही. तो पिढ्यांचा अनुभव आहे. ज्याला शंभर वेळा फसवलं तो एकशे एकाव्या वेळी ‘साहेब, खरं सांगताय का?’ असं विचारणारच.

हे प्लेगच्या गोष्टीत नीट दिसतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोकांत बोलवा होती, ‘इस्पितळात नेलेला मानूस परत येत न्हाई. तिथं मारत्यात, अंगातलं तेल काढत्यात.’ ऑक्टोबर १८९६ मध्ये हजाराच्या आसपास गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. साहेबांनी लिहून ठेवलं, लोक अडाणी. पण लोकांनी काय बघितलं होतं? माणूस आजारी पडला की त्याला उचलून नेत. घरचं माणूस जवळ जाऊ देत नसत, आणि बहुतेक वेळा प्रेतच बाहेर येई. पुण्यात तर १८९७ मध्ये गोरे सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते. तेल काढतात ही गोष्ट खोटी होती. पण या लोकांना आपल्या जिवाची पर्वा नाही, ही गोष्ट खोटी नव्हती. खोट्या गोष्टीच्या पोटात खरं दुखणं होतं.

आता त्याच वर्षी, त्याच पुण्यात दुसरं चित्र बघा. हडपसरजवळ डॉक्टर यशवंतानं प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. त्यात त्यांनाच प्लेग झाला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग तोच, भीती तीच. सोल्जर दारात आला तर माणूस रोगी लपवतो. सावित्रीबाई आली तर पोर तिच्या पाठीवर देतो. अफवेवरचा उपाय मला इथं सापडतो. वरून भोंगा लावून अफवा मरत नाही. आपलं माणूस जवळ येऊन, जिवाची जोखीम घेऊन खरं सांगतं, तेव्हा मरते.

इथवर तुम्ही माना डोलावताय. आता पुढचं ऐका.

संशयाचा अनुभव खरा असला तरी प्रत्येक संशय खरा ठरत नाही. उलट आपल्या खऱ्या जखमेवर दुसरा कुणीतरी आपली खोटी पट्टी बांधून जातो. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. एड्सचा रोग अमेरिकेनं लष्करी प्रयोगशाळेत तयार केला, असा मजकूर. ते पत्र रशियन गुप्तहेर खात्याचं पिल्लू होतं. पुढं १९९२ मध्ये रशियाच्या हेर खात्याच्या प्रमुखानंच या मोहिमेची कबुली दिली. त्या रोगाचा विषाणू मध्य आफ्रिकेत चिंपांझी माकडातून माणसात आला, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय. पण अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांत पुष्कळांना ती गोष्ट खरी वाटली. का वाटणार नाही? टस्कीगी खरंच घडलं होतं ना! आणि त्यात नुकसान कुणाचं? अमेरिकन लष्कराचं काही गेलं नाही. औषधावर विश्वास न ठेवणारा काळा माणूसच मेला.

आणि आपल्याकडं? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत आली होती. तेव्हा मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळ्यांचे निरोप फिरत होते. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतली होती. मुलांना जपा म्हणून सांगणाऱ्या जाहिरातीचा शेवट कापून ती फिरवली होती. राईनपाड्यात जमावानं त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. पाची मेले.

मेले कोण? भटके. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडून पोट भरणारे. मारणारे कोण? ज्यांच्या पाड्यात आजारी पोराला डॉक्टर मिळत नाही, असे गरीब. पोराची काळजी खरी होती, भीती खरी होती. पण काठी कुणावर पडली? ज्याचं गाव नाही, ज्याची ओळख द्यायला कुणी उभं राहत नाही, त्याच्यावर. फिरस्त्याला चोर समजायची सवय आजची नाही. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, नजर गेली नाही. म्हणून अफवा ऐकलीत की एक गोष्ट आधी बघा. ती खरी मानली तर मार कुणाला बसणार? दहातल्या नऊ वेळा तो तुमच्याहून खालचा, नाहीतर तुमच्याइतकाच उघडा माणूस असतो. अफवा वरच्या मजल्यावर चढत नाही. तिचे पाय उताराकडंच वळतात.

आता आपल्या घरातली गोष्ट.

६ डिसेंबर १९५६. दिल्लीत, अलीपूर रोडच्या घरी, बाबासाहेब झोपेतच गेले. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली होती. मध्ये फक्त ५३ दिवस. वय ६५. लाखो माणसं एका रात्रीत पोरकी झाली. आणि आपल्यात बोलणं सुरू झालं. बाबा असे जाणारच नाहीत, बाबांना मारलं. कुणी मारलं? बोट माईसाहेबांकडं गेलं. का? त्या बामणाघरात जन्मल्या होत्या. त्या डॉक्टर होत्या. त्या घरात होत्या. आणि त्या बाई होत्या.

त्या बोलण्यातली वेदना मला कळते. एवढा डोंगराएवढा माणूस, आणि मधुमेहानं जातो? मोठ्या मरणाला मोठंच कारण पाहिजे, असं मनाला वाटतं. साखर, पायाचं दुखणं, रक्तदाब, ही कारणं फार बारकी वाटतात. त्यांच्यावर रागही काढता येत नाही. कट मात्र मोठा असतो, त्याला तोंड असतं, त्या तोंडावर थुंकता येतं. दुःख सोसवत नाही म्हणून माणूस त्याचा राग करून घेतो.

पण कागद काय सांगतो? बाबासाहेब वर्षानुवर्षं आजारी होते, हे त्यांच्या पत्रांत आहे. माईसाहेबांशी त्यांची ओळख वाढली तीच डॉक्टर मालवणकरांच्या दवाखान्यात. १५ एप्रिल १९४८ ला लग्न झालं. नागपूरला बाबांच्या शेजारी उभं राहून माईसाहेबांनी दीक्षा घेतली. खासदारांनी चौकशी मागितली, ती झाली, मृत्यू नैसर्गिक ठरला. पण दिल्लीतला निष्कर्ष वस्तीत आणून समजावून सांगायला सावित्रीबाई नव्हती.

आणि सगळ्यात मोठा साक्षीदार खुद्द बाबासाहेब. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी त्यांनी स्वतः प्रस्तावना लिहिली होती. विझत चाललेल्या आपल्या प्राणाला पुन्हा उजेड आला त्याचं श्रेय त्यांनी तिच्यात पत्नीला आणि डॉक्टर मालवणकरांना दिलं. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापलीच गेली नाही. का, यावर मी दुसरा कट रचत बसणार नाही. एवढंच म्हणतो, की ज्या बाईनं आपल्याला जगवलं असं बाबा लिहून गेले, तिलाच आपण मारेकरी म्हणत राहिलो. ती बाई वर्षानुवर्षं चळवळीबाहेर एकटी राहिली. पुढं पँथरच्या तरुणांनी तिच्याशी नातं पुन्हा जोडलं. १९९० साली बाबांचं भारतरत्न तिच्या हातात दिलं गेलं. मे २००३ मध्ये ती गेली. तरी आजही कुठल्या कट्ट्यावर तेच बोलणं निघतं, आणि शिकलेली पोरं माना डोलावतात.

ज्यांना जन्मावरून गुन्हेगार ठरवलं, त्यांनीच एका बाईला जन्मावरून गुन्हेगार ठरवलं. ती बामणाची म्हणून! हे मनूचं गणित झालं, बाबासाहेबांचं नाही.

कुणी म्हणेल, मग काय, आपल्याविरुद्ध कुणी काही करतच नाही का? करतं. पण उघड करतं! विचार करा. आपल्यावरचा सगळ्यात मोठा अन्याय कधी लपूनछपून झाला? मनुस्मृती काय तळघरात दडवलेली होती? ती बाजारात मिळत होती, म्हणून तर २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळता आली. वेगळी विहीर, वेगळा मसणवटा, गावकुसाबाहेरचं घर. यातलं गुपित कुठलं? जात हा दहा माणसांनी अंधारात शिजवलेला कट असता तर बरं झालं असतं. दहा माणसं पकडली असती, काम संपलं असतं. जात चालते ती दिवसाढवळ्या, करोडो माणसांच्या रोजच्या सवयीनं, लग्नाच्या यादीनं, सातबाऱ्यानं. कटाच्या गोष्टींची मला हीच भीती वाटते. त्या आपल्याला एक छुपा राक्षस दाखवतात, आणि समोर उघडा बसलेला सावकार दिसेनासा होतो. राक्षसाशी लढायला संघटना लागत नाही, नुसती चर्चा पुरते. रात्रभर कट्ट्यावर बसलं की लढल्यासारखं वाटतं.

तेव्हा शेवटी चार प्रश्न देतो. कुठलीही गोष्ट कानावर आली, मोबाइलवर आली, नेत्याच्या तोंडून आली, की हे चार विचारायचे.

एक. कागद कुठाय? ‘सगळ्यांना माहिताय’ हा कागद नव्हे.

दोन. ही गोष्ट खरी असायला किती माणसं गप्प बसायला हवीत, आणि किती वर्षं? टस्कीगीसारखं खातंच्या खातं गुंतलं की कुठून तरी कागद गळतोच.

तीन. ही मानली तर मार कुणाला बसतो, आणि सुटतो कोण?

चार. काय दाखवलं तर मी ही गोष्ट सोडून देईन? उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर समजा की तो संशय उरला नाही. त्याची श्रद्धा झाली. श्रद्धेचं काय करायचं ते आपल्याला शिकवलेलं आहे. बुद्धानं कालामांना हेच सांगितलं. परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका, स्वतः पारखून घ्या. यात ‘आपल्या माणसानं सांगितलं म्हणून’ हेही आलं बरं का.

आणि हे प्रश्न पोलिसाला विचारायचे, मंत्र्याला विचारायचे, वर्तमानपत्राला विचारायचे. ते अफवा म्हणाले म्हणून अफवा ठरत नाही आणि आपण कट म्हणालो म्हणून कट ठरत नाही. वस्तीत काही घडलं तर त्याच दिवशी लिहून ठेवा. वेळ लिहा, जागा लिहा, कोण उभं होतं ते लिहा, फोटो काढा, आजीची साक्ष तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. टँकरच्या गोष्टीशी वस्ती लढली ती अशीच. उद्या गोष्ट त्यांची आली तर आपल्याकडं आपली वही पाहिजे.

वही काढा. प्रश्न विचारा. पहिला प्रश्न माझ्या या भाषणालाच विचारा.

जयभीम.